लिनक्सची प्रारंभप्रक्रिया आणि सीरियल कन्सोलवरील नोंदी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाचे बटण दाबल्यापासून 'लॉगिन' हा शब्द समोर येईपर्यंतचा काळ अल्प असतो. परंतु प्रणालीच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक काळ होय. या अवधीत डिस्क अद्याप लेखनासाठी खुली झालेली नसते, नेटवर्क जागे झालेले नसते आणि पुष्कळदा पडद्याचे नियंत्रणही पूर्णपणे प्रस्थापित झालेले नसते. अशा वेळी यंत्र मध्येच थांबले, तर ते का थांबले याची नोंद कोठे करावी, हा प्रश्न युनिक्स आणि लिनक्स यांच्या रचनाकारांपुढे सातत्याने उभा राहिला. या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि आजही टिकून असलेले उत्तर म्हणजे सीरियल कन्सोल.

घटना घडत असताना लिहिलेले पत्र आणि घटनेनंतर अनेक वर्षांनी रचलेली बखर यांच्या विश्वसनीयतेतील फरक मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रारंभप्रक्रियेच्या नोंदींबाबतही असाच भेद करता येतो. यंत्र सुरू होत असताना अक्षरामागून अक्षर तारेवरून बाहेर पडणारा मजकूर हे समकालीन साधन होय. डिस्कवरील नोंदवही ही प्रणाली सुखरूप उभी राहिल्यानंतरच पूर्ण होऊ शकते. जे यंत्र उभेच राहिले नाही, त्याची हकिकत डिस्कवरील नोंदवहीत सापडत नाही. प्रस्तुत निबंधात या समकालीन साधनाचा इतिहास आणि त्यातून नोंदी निसटण्याची कारणे यांचा परामर्श घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१) कन्सोल या संकल्पनेचा टेलिटाइपपासून लिनक्सपर्यंतचा विकास तपासणे.
२) लिनक्समध्ये सीरियल कन्सोलची सोय कोणत्या गरजेतून व कोणत्या स्वरूपात आली, हे पाहणे.
३) प्रारंभप्रक्रियेतील नोंदी हरवण्याच्या दोषांचे मूळ ऐतिहासिक रचनेत कितपत आहे, याचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा असून त्यात कर्नलची रचना, त्यासोबत प्रसृत होणारे दस्तऐवज आणि सर्वज्ञात तांत्रिक मानके यांच्या आधारे विवेचन केले आहे.

१. कागदावरील कन्सोल

इ. स. १९६३ मध्ये टेलिटाइप कॉर्पोरेशनने 'मॉडेल ३३' हे यंत्र बाजारात आणले. कळफलक, मुद्रक आणि छिद्रित पट्टीचे वाचन-लेखन करणारे उपकरण यांचा एकत्र समावेश असलेला त्याचा 'एएसआर-३३' हा प्रकार लघुसंगणकांचा नेहमीचा सोबती ठरला. त्याचा वेग ११० बॉड होता. प्रत्येक अक्षरासाठी ११ बिट लागत असल्याने एका सेकंदात केवळ १० अक्षरे छापली जात. इ. स. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली, तेव्हा संगणकाशी संवाद साधण्याचे साधन याच जातीचे होते. युनिक्समध्ये आणि पुढे लिनक्समध्येही टर्मिनलसाठी रूढ झालेले 'टीटीवाय' हे संक्षिप्त नाव 'टेलिटाइपरायटर' या शब्दावरून आले आहे.

या यंत्राचे एक वैशिष्ट्य त्या काळी कोणाला वैशिष्ट्य वाटण्याचे कारण नव्हते. कन्सोलवर जे दिसे, ते कागदावरच दिसे. म्हणजे दाखवणे आणि नोंदवणे या दोन क्रिया मुळात एकच होत्या. संगणक मध्येच बंद पडला, तर शेवटची ओळ कागदाच्या गुंडाळीवर शिल्लक राही. ती जपून ठेवण्यासाठी वेगळ्या आज्ञावलीची गरज नसे. इ. स. १९७४ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आणलेल्या 'एलए३६' या सेकंदाला ३० अक्षरे छापणाऱ्या टर्मिनलनेही हीच परंपरा चालवली.

संगणक आणि टर्मिनल यांच्यातील विद्युत जोडणीसाठी 'आरएस-२३२' हे मानक इ. स. १९६० मध्ये निश्चित झाले आणि इ. स. १९६९ मध्ये त्याची 'सी' ही आवृत्ती आली. एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवणे हे त्याचे तत्त्व होते. पाठवणारी तार, घेणारी तार आणि सामाईक भूमी एवढ्या तीन तारांवर संवाद होऊ शकत असे. या साधेपणामुळेच हे माध्यम पुढील पिढ्यांच्या यंत्रांतही टिकून राहिले.

२. पडद्याचे आगमन आणि नोंदीचा विच्छेद

इ. स. १९७८ मध्ये आलेल्या 'व्हीटी१००' या टर्मिनलने पडद्याचे युग दृढ केले. त्यावर २४ ओळी मावत. नवी ओळ आली की सर्वांत वरची ओळ नाहीशी होई. कागदाचा खर्च आणि आवाज वाचला, वेग वाढला. परंतु दाखवणे आणि नोंदवणे यांची फारकत झाली. पडद्यावर क्षणभर दिसलेला मजकूर जपून ठेवणे हे आता स्वतंत्र काम बनले.

इ. स. १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने हा विच्छेद पूर्णत्वास नेला. त्यात पडदा सीरियल तारेने न जोडता थेट स्मृतीशी जोडलेला होता. सीरियल पोर्ट मात्र शिल्लक होता. त्यामागे '८२५०' या जातीची चिप असे. तिला १.८४३२ मेगाहर्ट्झचा स्फटिक स्पंद पुरवी. त्यास १६ ने भागले असता १,१५,२०० हा आकडा येतो आणि वैयक्तिक संगणकाच्या सीरियल पोर्टची रूढ कमाल गती तीच होय. पुढे आलेल्या '१६५५०' या चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा होता. मात्र मूळ आवृत्तीतील त्या साठ्यात दोष असल्याने '१६५५०ए' ही सुधारित आवृत्ती प्रमाण मानली गेली.

नोंदी जपण्याचे काम आता सॉफ्टवेअरकडे आले. एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' या प्रकल्पाच्या ओघात १९८० च्या दशकात 'सिसलॉग' विकसित केले. कर्नलचे संदेश स्मृतीतील एका वर्तुळाकार साठ्यात ठेवून नंतर वाचण्याची 'डीमेसेज' आज्ञाही युनिक्स परंपरेत रूढ होती. तथापि या दोन्ही उपायांना एक समान मर्यादा होती. साठा स्मृतीत असल्याने वीज गेली की तो पुसला जाई आणि सिसलॉगला लिहिण्यासाठी चालू स्थितीतील डिस्क लागे. दोन्ही उपाय यंत्र जिवंत राहील, असे गृहीत धरणारे होते.

३. लिनक्सचा उगम आणि सीरियल तार

लिनक्सचा उगमच सीरियल तारेशी निगडित आहे, ही बाब लक्षणीय होय. इ. स. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ३८६ संगणकावर एक टर्मिनल-अनुकारक आज्ञावली लिहिली. मोडेमद्वारे विद्यापीठाच्या संगणकाशी संपर्क साधणे हा तिचा हेतू होता. तिच्यात दोन कार्ये आळीपाळीने चालत : एक कळफलकावरील अक्षरे मोडेमकडे पाठवी, तर दुसरे मोडेमकडून आलेली अक्षरे पडद्यावर दाखवी. मिळवलेल्या फाइली साठवण्यासाठी डिस्कचा चालक आणि फाइलप्रणाली यांची गरज भासली आणि त्यातून कार्यप्रणाली आकारास आली. ०.०१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या पहिल्या आवृत्तीतच 'प्रिंट-के' हे कार्य आढळते. सामान्य आज्ञावलीत वापरले जाणारे छपाईचे कार्य कर्नलच्या आत सुरक्षितपणे चालत नसल्याने ही स्वतंत्र सोय करण्यात आली होती. तथापि तिचा मजकूर पडद्यावरच उमटत असे. सीरियल पोर्टचा चालक प्रणालीत होता, परंतु कर्नलचे स्वतःचे संदेश त्यावर पाठवण्याची सोय नव्हती.

४. पडदा नसलेल्या यंत्रांची गरज

इ. स. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ सामान्य संगणक जोडून 'बेओवुल्फ' हा समूह उभारला. या धर्तीच्या समूहांत प्रत्येक घटकास पडदा व कळफलक देणे खर्चिक आणि निरर्थक होते. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांची यंत्रेही कुलूपबंद खोलीतील मांडणीवर एकावर एक रचलेली असत. अशा यंत्रांपैकी एखादे पुन्हा सुरू होताना अडकले, तर पडदा घेऊन त्याच्याजवळ धावण्यावाचून मार्ग नसे.

या गरजेतून लिनक्सच्या २.१ या विकास-मालिकेत सीरियल कन्सोलची सोय आली. तिच्या मांडणीत आणि दस्तऐवजीकरणात नेदरलँड्सचे मिकेल व्हॅन स्मूरेनबर्ग यांचा वाटा महत्त्वाचा आहे. 'मिनीकॉम' ही सीरियल संवादाची आज्ञावली आणि लिनक्सवरील सिस्टीम-व्ही पद्धतीचा 'इनिट' हीदेखील त्यांचीच निर्मिती होय. हे बदल इतर जातींच्या प्रक्रियकांपर्यंत नेण्यास गीर्ट युटरहोव्हन यांनी साहाय्य केले. इ. स. १९९९ च्या जानेवारीत २.२ ही स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ही सोय सर्वांस उपलब्ध झाली.

तिचे बाह्य रूप साधे होते. कर्नलला प्रारंभी दिल्या जाणाऱ्या ओळीत 'कन्सोल=टीटीवायएस०,९६००' असे लिहिले की पहिल्या सीरियल पोर्टवर ९६०० बॉड वेगाने संदेश बाहेर पडत. एकाहून अधिक कन्सोल सांगता येत. उदाहरणार्थ, एक सीरियल आणि एक पडद्याचा. येथे एक नियम होता, जो पुढे अनेक गोंधळांचे मूळ ठरला : कर्नलचे संदेश सर्व कन्सोलांवर जातील, परंतु 'डेव्ह' निर्देशिकेतील 'कन्सोल' ही फाइल मात्र ओळीत सर्वांत शेवटी नमूद केलेल्या कन्सोलशीच बांधली जाईल.

५. नोंदी हरवण्याची कारणे

सीरियल कन्सोलवर मजकूर न दिसणे हा दोष वरकरणी एकच वाटला, तरी त्याची कारणे निरनिराळ्या स्तरांवर आढळतात. त्या स्तरांचा क्रम प्रारंभप्रक्रियेच्या क्रमाशी जुळतो.

पहिला स्तर तारेचा व वेगाचा. दोन संगणक जोडताना पाठवणारी व घेणारी तार परस्परांत फिरवावी लागते. तसे न केल्यास पूर्ण शांतता आढळते. दोन्ही टोकांचा वेग भिन्न असल्यास निरर्थक चिन्हे उमटतात. या दोन लक्षणांतील भेद निदानासाठी मोलाचा आहे : निरर्थक चिन्हे दिसणे हे तार शाबूत असल्याचे लक्षण होय. मूळ फर्मवेअर, 'लिलो' किंवा 'ग्रब' हा बूटलोडर, कर्नल आणि शेवटी लॉगिनची सोय करणारी 'गेटी' या प्रत्येकाला पोर्ट व वेग स्वतंत्रपणे सांगावा लागतो. या साखळीतील एका कडीला तो सांगायचा राहिला, तर मजकूर नेमका तेथे खंडित होतो. म्हणून मजकूर कोठे तुटला हे पाहिल्यास दोष कोणत्या कडीत आहे याचा अंदाज बांधता येतो.

दुसरा स्तर कर्नलच्या बांधणीचा. सीरियल कन्सोलचा आधार कर्नलमध्येच अंतर्भूत असावा लागतो. सीरियल चालक मागाहून भरायचे मोड्यूल म्हणून ठेवल्यास प्रारंभीच्या संदेशांसाठी त्याचा उपयोग होत नाही. शिवाय सीरियल कन्सोलची नोंदणी प्रारंभप्रक्रियेत काहीशी उशिरा होते. त्यापूर्वीचे संदेश वर्तुळाकार साठ्यात थांबतात आणि नोंदणी होताच एकदम बाहेर पडतात. यंत्र नोंदणीपूर्वीच थांबल्यास तारेवर एकही अक्षर येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 'अर्ली-प्रिंट-के' आणि पुढे 'अर्लीकॉन' या सोयी आल्या. त्या पूर्ण चालकाची वाट न पाहता चिपशी थेट संवाद साधतात. शांततेचे आणखी एक कारण हेतुपुरस्सर असते. प्रत्येक संदेशास ० ते ७ अशी पातळी असते आणि 'क्वायट' हा शब्द प्रारंभीच्या ओळीत असल्यास केवळ अधिक गंभीर संदेशच कन्सोलवर पोहोचतात.

तिसरा स्तर सर्वांत फसवा आहे. कर्नलचे काम संपून 'इनिट' सुरू झाल्यावर सेवा चालू करणाऱ्या आज्ञावलींचे संदेश येऊ लागतात. हे संदेश कर्नलच्या साठ्यात जात नाहीत. ते 'कन्सोल' या फाइलवर लिहिले जातात. परिणामी 'डीमेसेज' आज्ञेत त्यांचा मागमूस नसतो. दोन कन्सोल सांगून पडद्याचा उल्लेख शेवटी केला असेल, तर सीरियल तारेवर कर्नलचा मजकूर व्यवस्थित दिसतो आणि सेवा सुरू होण्याच्या क्षणी एकाएकी शांतता पसरते. यंत्र अडकले, असा समज होतो. वस्तुतः ते पडद्याशी बोलत असते, पण तो पडदा कोणीही पाहत नसते. याच्या जोडीला स्थित्यंतरकाळातील एक दोष होता. २.१.७१ या आवृत्तीपर्यंत 'कन्सोल' ही फाइल एखाद्या विशिष्ट टर्मिनलकडे निर्देश करणारा दुवा असे. त्यानंतर ती कर्नलच्या व्यवस्थापनाखाली आली. कर्नल नवा आणि दुवा जुना, अशा यंत्रांवर कर्नलला दिलेली सूचना पुढील टप्प्यापर्यंत पोहोचत नसे.

या तिसऱ्या स्तरावरील नोंदी जपण्यासाठी स्मूरेनबर्ग यांनीच 'बूटलॉगडी' ही आज्ञावली लिहिली. ती 'कन्सोल' फाइलवर येणारा मजकूर स्वतःकडे वळवते, त्याची एक प्रत खऱ्या कन्सोलवर दाखवते आणि दुसरी साठवून ठेवते. डिस्क लेखनासाठी खुली होईपर्यंत मजकूर स्मृतीत थांबतो आणि मग फाइलीत उतरतो. खरा कन्सोल कोणता हे तिला कर्नलच्या प्रारंभीच्या ओळीवरून ठरवावे लागते. ती ओळ दोषपूर्ण असल्यास तिचा निर्णयही चुकतो. डिस्क खुली होण्यापूर्वी यंत्र थांबले, तर तिने साठवलेला मजकूर यंत्राबरोबरच नष्ट होतो. अशा वेळी तारेच्या दुसऱ्या टोकास बसलेला संगणकच काय तो साक्षीदार उरतो.

६. वेगाची किंमत

टेलिटाइपकडून मिळालेल्या वारशाची दुसरी बाजूही तपासणे आवश्यक आहे. ९६०० बॉड वेगाने प्रत्येक अक्षरास १० बिट धरल्यास सेकंदाला ९६० अक्षरे जातात. प्रारंभीचा मजकूर ५०,००० अक्षरांचा मानला, तर तो पाठवण्यास सुमारे ५२ सेकंद लागतील. १,१५,२०० बॉड वेगाने साडेचार सेकंदांहून कमी काळ पुरेल. एएसआर-३३ यंत्राला मात्र तासाहून अधिक, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागली असती. 'प्रिंट-के'ची पारंपरिक रचना अशी होती की संदेश देणाऱ्या कार्यासच बहुधा तो तारेवर पोहोचेपर्यंत थांबावे लागे. अब्जावधी स्पंदांवर चालणारा प्रक्रियक चिप रिकामी होण्याची वाट पाहत उभा राही. तारेवरील प्रवाहनियंत्रण चुकीचे असल्यास ही प्रतीक्षा एकेका अक्षरामागे अधिकच लांबे आणि यंत्र सुरू होण्यास असह्य विलंब होई. असा विलंब हाही निदानातील एक पुरावा मानावा लागतो.

ही प्रतीक्षा हा रचनेचा केवळ आळस नव्हता. संदेश बाहेर पडल्याखेरीज पुढील पाऊल न टाकल्यामुळेच यंत्र कोसळण्यापूर्वीची शेवटची ओळ विश्वसनीय ठरे. वेग आणि साक्ष यांच्यातील हा ताण प्रत्यक्ष-काल प्रणालींच्या प्रश्नात तीव्रतेने प्रकट झाला. ठरावीक वेळेत प्रतिसाद देण्याची हमी देणारे लिनक्सचे 'प्रीएम्प्ट-आरटी' हे रूप सुमारे वीस वर्षे मुख्य कर्नलबाहेर विकसित होत होते आणि त्याच्या मार्गातील अखेरच्या अडथळ्यांत 'प्रिंट-के'चा समावेश होता. जॉन ऑगनेस यांनी या कार्याची पुनर्रचना हाती घेतली. कुलूपविरहित वर्तुळाकार साठा ५.१० या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये आला. कन्सोलवरील छपाई स्वतंत्र धाग्याकडे सोपवावी, परंतु यंत्र कोसळत असताना मात्र मजकूर तत्काळ बाहेर काढावा, अशी तडजोड या पुनर्रचनेमागे आहे. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये 'प्रीएम्प्ट-आरटी' मुख्य प्रवाहात स्वीकारले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीतून प्रसृत झाले.

७. पर्यायी साधने

सीरियल कन्सोलला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही झाले. 'नेटकन्सोल' कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवते. परंतु त्यासाठी नेटवर्कचा चालक आधी जागा व्हावा लागतो. इ. स. २००४ मधील आयपीएमआय २.० या मानकाने सीरियल मजकूर नेटवर्कवरून वाहून नेण्याची पद्धत निश्चित केली. इ. स. २०१० मध्ये आलेल्या 'सिस्टीमडी'ने आणि त्याच्या 'जर्नल' या घटकाने कर्नलचे व सेवांचे संदेश एकाच नोंदवहीत आणले. तिसऱ्या स्तरावरील दुभंग त्यामुळे पुष्कळ अंशी मिटला. तथापि कर्नल सुरू होण्यात अडचण आल्यास त्या नोंदवहीचाही उपयोग नसतो.

आभासी यंत्रांत तर प्रत्यक्ष तारच नसते. तरीही 'क्यूईएमयू'सारख्या आज्ञावली आभासी यंत्रास १६५५० जातीच्या चिपचा आभास पुरवतात आणि आतील लिनक्स त्यावर आपली हकिकत लिहितो.

निष्कर्ष

१) टेलिटाइपच्या काळात दाखवणे व नोंदवणे या क्रिया एकच होत्या. पडद्याच्या आगमनाने त्यांची फारकत झाली. 'डीमेसेज', 'सिसलॉग', 'बूटलॉगडी' आणि 'जर्नल' हे सर्व ती फारकत भरून काढण्याचे क्रमशः झालेले प्रयत्न होत.
२) सीरियल कन्सोलवरील नोंदी हरवण्याचे बहुतेक दोष एखाद्या घटकाच्या बिघाडापेक्षा दोन टप्प्यांमधील सांध्यात उद्भवतात. म्हणून निदान करताना शेवटची दिसलेली ओळ कोणत्या टप्प्याची आहे, हे प्रथम निश्चित करणे इष्ट ठरते.
३) कर्नलचे संदेश आणि सेवांचे संदेश हे दोन भिन्न प्रवाह आहेत, याची जाणीव नसल्यास शांततेचा चुकीचा अर्थ लावला जातो.
४) सीरियल तारेचे टिकून राहणे तिच्या वेगामुळे घडले नाही. कमीत कमी गोष्टींवर अवलंबून असणे, हेच तिचे बळ होय.

समारोप

संगणकाच्या इतिहासात जुनी साधने सहसा वेगाच्या कसोटीवर बाद होतात. सीरियल कन्सोलला मात्र दुसरी कसोटी लागू पडली : इतर काहीही चालत नसताना हे साधन बोलते का? एएसआर-३३ची कागदाची गुंडाळी ज्या कारणासाठी उपयुक्त होती, त्याच कारणासाठी तिचे वारस आजही वापरात आहेत. यंत्र कोसळण्यापूर्वी त्याने काय सांगितले, हे यंत्राबाहेर कोठेतरी लिहून ठेवलेले असावे लागते. आणि ते लिहून घेण्याची व्यवस्था यंत्र धडधाकट असतानाच करावी लागते.